ऊतींचे चार प्रकार पाठ आहेत, पण मग गुडघा का भरून येत नाही?

स्लाइडवाला

नववीच्या विज्ञानात मानवी ऊतींचा धडा असतो. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. मुलं तक्ता पाठ करतात, मार्क घेतात आणि दहावीत विसरतात. त्या तक्त्यात दोन प्रश्न कधी येत नाहीत, आणि माझ्या मते कामाचे तेवढेच आहेत. या ऊतीपर्यंत रक्त किती पोचतं? आणि हिच्यातल्या पेशी मोठेपणीही विभाजित होत राहतात का? एवढं विचारलं की तोंड आलेलं आठवड्यात का बरं होतं, मनगटाचं हाड दीड महिन्यात का जुळतं, गुडघ्याची गादी का भरत नाही आणि अर्धांगवायूत गेलेला हात पूर्वीसारखा का होत नाही, हे सगळं एकाच धाग्यात ओवता येतं.

मी सोलापुरात एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. रिपोर्ट वाचणारे आणि सही करणारे डॉक्टर वेगळे, माझं काम तुकड्याची काच, म्हणजे स्लाइड, बनवायचं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत येतो. अल्कोहोलमध्ये त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमध्ये अल्कोहोल काढायचं, वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवायचं आणि थंड करून ठोकळा पाडायचा. ठोकळा मायक्रोटोमवर लावला की चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, एकमेकांना चिकटलेली फीतच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतो, त्यात लाइट गेली की मेण मऊ पडतं, फीत सुरकुतते आणि काप चुरगळून जातो. ठोकळे एरवीही बर्फावर ठेवूनच कापतो. उन्हाळ्यात दोन काप काढले की पुन्हा बर्फावर. काप कोमट पाण्यावर सोडला की आपोआप पसरतो, मग खालून काच घालून अलगद उचलायचा. शेवटी हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन हे दोन रंग. केंद्रकं जांभळी-निळी, बाकी सगळं गुलाबी.

आता प्रकार.

अभिस्तर म्हणजे अस्तरं, बाहेरची आणि आतली. कातडी, गालाची आतली बाजू, श्वासनलिका, आतडं, रक्तवाहिन्यांची आतली बाजू, आणि ग्रंथीसुद्धा. पेशी एकमेकींना खेटून, मध्ये जागा जवळपास नाही, खाली एक पातळ पटल. जिथे घासाघीस तिथे थरावर थर: कातडी, तोंड, अन्ननलिका. जिथून काही झटकन पलीकडे जायला हवं तिथे एकच चपटा थर: फुफ्फुसातल्या वायुकोशांची भिंत. आतड्यात शोषण आणि स्राव दोन्ही, तिथे पेशी उंच, खांबासारख्या. मूत्रपिंडाच्या नलिकांत चौकोनी. काच बघून आकार ओळखला की काम काय ते बहुतेक वेळा ओळखता येतं. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात, खालच्या संयोजी ऊतीतून झिरपून येईल त्यावर भागतं. पण थर पातळ आणि रक्त अगदी लगत, त्यामुळे अडत नाही. लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, कातडीचा वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात.

संयोजी ऊती हे मोठं खटलं. रक्त, चरबी, कूर्चा (पुस्तकात कास्थी), हाड, स्नायूला हाडाशी बांधणारा स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध, सगळे यातच. पेशी थोड्या आणि भोवतीचं माध्यम जास्त, ही खूण. माध्यम बदललं की ऊतीचा स्वभाव बदलतो: रक्तात पातळ, कूर्चेत लवचीक, हाडात कॅल्शियम-फॉस्फेटने कडक. चरबी काचेवर बघायला मजा येते, कारण ती दिसतच नाही. झायलीनमध्ये ती विरघळून जाते, मागे उरतात रिकामी गोल घरं आणि कडेला ढकललेलं केंद्रक.

स्नायू तीन तऱ्हेचे. हातापायाचे पट्टेदार, आपल्या हुकमात, केंद्रकं कडेला. आतडं, गर्भाशय, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले बिनपट्ट्यांचे, हुकमाबाहेरचे. आणि हृदयाचा, पट्टेदार असून हुकमाबाहेर, फांद्या फुटलेला, पेशी-पेशींमध्ये खास सांधे असलेला. त्या सांध्यांतून विजेचा संदेश एका पेशीतून दुसरीत जातो, म्हणून दिवसाला लाखभर ठोके एका लयीत पडतात.

चेता ऊतीबद्दल मी गप्प बसतो, इथे जाणकार आहेत.

जुळे_सोलापूरकर

एवढं मोठं वाचलो तरी झोप आली नाही, म्हणजे धागा जमलाय ओ काका.

एक सांगा. रक्त ऊती कसं काय? ऊती म्हणजे पेशी एका जागी गोळा होऊन काम करतात ना? रक्त तर पळतंय सगळीकडं.

नववी_ब_ची_बाई

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि ज्याला येतो तो पोरगा हुशार असतो!

ऊती ठरवताना पेशी कुठून आल्या आणि मिळून काय काम करतात हे बघतात. रक्तपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या आत तयार होतात, आणि गर्भातल्या ज्या मधल्या थरातून हाड-कूर्चा घडतात त्यातूनच त्यांचाही उगम आहे. प्लाझ्मा हे त्यांचं माध्यम. माध्यम पातळ आहे म्हणून घराण्यातून काढून टाकता येत नाही. कामही जोडण्याचंच: ऑक्सिजन, अन्न, संप्रेरकं, टाकाऊ पदार्थ, उष्णता यांची ने-आण. एका घन मिलिमीटरमध्ये पन्नास लाखांच्या आसपास तांबड्या पेशी, आणि प्रत्येकीचं आयुष्य जेमतेम १२० दिवस. केंद्रकच नसतं त्यांना, त्यामुळे दुरुस्ती नाही, बदलीच.

पालकांना एक विनंती. पाठ करून घेण्याआधी एकदा गालाची काच दाखवा. लाकडी काडीच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरायचं, मिथिलीन ब्लूचा एक थेंब. चपट्या, वेड्यावाकड्या फरशीसारख्या पेशी आणि मध्ये निळा ठिपका. स्वतःच्या तोंडातलं आहे म्हटल्यावर मुलं आधी 'ई' करतात, मग सूक्ष्मदर्शक सोडत नाहीत.

शेंगाचटणी

मला शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर हवंय, धागाकर्त्यांनी ते सोडूनच दिलं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. कोणी म्हणतं गादी झिजली, कोणी म्हणतं वंगण संपलं, वंगण भरायचं इंजेक्शन घ्या. नवव्या इयत्तेचं राहू द्या, आमच्या घरचं सांगा.

फिजिओ_होटगीरोड

ताई, सांगते.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. तिच्यातल्या पेशी लहान लहान पोकळ्यांत एकट्या-दुकट्या बसलेल्या, मोठेपणी फारशा विभाजित न होणाऱ्या. स्लाइडवाल्यांचे दोन्ही प्रश्न विचारा, दोन्हीला उत्तर 'नाही'. म्हणून झीज झाली की ती भरत नाही.

मग जगते कशावर? सांध्यातल्या द्रवावर. चालताना गुडघ्यावर भार येतो तेव्हा ओल्या स्पंजासारखी दाबली जाते, भार गेला की द्रव परत आत ओढते, त्यातूनच तिला अन्न मिळतं. त्यामुळे 'गुडघा दुखतो म्हणून दिवसभर पलंगावर' हा सल्ला उलटा पडतो. भार कमी करायचा, हालचाल बंद करायची नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम मी सगळ्यांना देते, कारण तो स्नायू भरून येतो. कूर्चेला जे जमत नाही ते त्याला जमतं, आणि सांध्यावरचा धक्का तो झेलतो.

कूर्चेत चेतातंतूच नाहीत तर दुखतं कुठे? खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचे अस्थिबंध दुखतात. वंगणाचं इंजेक्शन बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचं असतं. काहींना काही महिने आराम पडतो, काहींना नाही. घ्यायचं की नाही ते तुमचे हाडांचे डॉक्टर ठरवतील, पण त्याने गादी नव्याने उगवते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

याच गुडघ्यात मेनिस्कस नावाची चंद्रकोरीच्या आकाराची दुसरी गादी असते. तिच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, आतल्या कडेला नाही. कबड्डी-फुटबॉलवाली मुलं येतात ना, त्यांची बाहेरच्या कडेला फाटली असेल तर टाके घालून जुळण्याची आशा असते. आतल्या कडेला फाटली तर सहसा जुळत नाही. एकच ऊती, एकच माणूस, बोटभर अंतरात निकाल वेगळा.

स्लाइडवाला

मॅडम, मी पानभर लिहिलं त्याचा अर्क तुम्ही शेवटच्या चार ओळींत काढला.

प्रा_निवृत्त

हाडाचंही तसंच. हाडाला रक्तपुरवठा चांगला, पेशी सतत कामात: एक जात जुनं हाड कुरतडते, दुसरी नवं रचते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नव्याने घडतो. तरी खुब्यात मोडलं की वैताग, कारण मांडीच्या हाडाच्या गोळ्याला येणाऱ्या रक्तवाहिन्या त्याच्या मानेवरून येतात आणि मान मोडली की त्याही तुटतात. म्हणून बाथरूममध्ये घसरलेल्या आजीला डॉक्टर 'जुळवू' न म्हणता 'गोळा बदलू' म्हणतात. मुलं उगाच शंका घेतात की बिल वाढवायला सांगतायत.

थोडा इतिहास. ऊती ही कल्पना नीट मांडली झेविए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने, १८०० च्या सुमारास. त्याने २१ ऊती सांगितल्या, आणि त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता! त्या काळच्या भिंगांवर त्याचा विश्वास नव्हता. तो शवांचे भाग उकळायचा, वाळवायचा, आम्लात टाकायचा, कुजू द्यायचा आणि कोण कसं टिकतं ते बघायचा. आजार अख्ख्या अवयवाला होत नाही, त्यातल्या एखाद्या ऊतीला होतो, हे त्याचं म्हणणं. फुफ्फुस तेच, पण सूज आवरणाला की अस्तराला यावर रोग वेगळा. १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. २१ चे ४ नंतर झाले, सूक्ष्मदर्शक सुधारल्यावर.

जुळे_सोलापूरकर

२१ असते तर आमची नववी निघाली नसती सर.

माग_खटखट

आमचं घर अशोक चौकाकडचं, पॉवरलूम. आजोबा मिलमध्ये होते, कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. ते सांगायचे की रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळल्यासारखी व्हायची, मंगळवार-बुधवारपर्यंत सुटायची. घरचे म्हणायचे कामाचा आळस. शेवटी शेवटी रोजच दम लागायला लागला. ही कुठल्या ऊतीची भानगड?

आणि वडिलांना आता कानाला मशीन लावलंय. आयुष्य मागाच्या खटखटीत गेलं. डॉक्टर म्हणाले आतल्या पेशी गेल्या, परत येत नाहीत. पण वर लिहिलंय की अस्तराच्या पेशी सारख्या नव्या होतात?

प्रा_निवृत्त

आजोबांचा आळस नव्हता हो. त्याला बिसिनोसिस म्हणतात, कापसाच्या धुळीचा फुफ्फुसविकार. सोमवारी त्रास जास्त ही त्याची ओळखच आहे, जगभरच्या गिरण्यांत कामगार हेच सांगायचे. कापसाच्या धुळीत जिवाणूंच्या भिंतीतले विषारी अंश असतात, ते श्वासनलिकांना चेतवतात. नलिकांच्या भिंतीत बिनपट्ट्यांचा स्नायू असतो, तो आवळतो, म्हणून छाती आवळल्यासारखी वाटते. अस्तरही सुजतं. वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं की आवळणं कायमचं होऊन बसतं.

श्वासनलिकेचं अस्तर तसं फार सोशीक. उंच पेशी, त्यांच्या डोक्यावर बारीक लव, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलणारी, आणि मधूनमधून चिकट स्राव सोडणाऱ्या पेशी. धूळ स्रावाला चिकटते आणि लव तिला घशाकडे ढकलते. विडी-सिगारेटवाल्यांत ही लववाली उंच पेशी हळूहळू जाऊन तिच्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. धुरापुढे ते जास्त टिकतात, पण झाडू मारणारं कोणी उरत नाही. म्हणून सकाळी उठल्यावर तो खोकला. ओढणं सोडलं तर यातलं बरंच पूर्ववत होऊ शकतं.

कानाचं तुम्ही बरोबर पकडलंत. आतल्या कानातल्या ऐकणाऱ्या पेशी अस्तराच्याच घराण्यातल्या, पण त्या विभाजित होत नाहीत. एका कानात साधारण पंधरा हजार, जन्मताना मिळाल्या तेवढ्याच. सततच्या मोठ्या आवाजाने गेल्या की गेल्या. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. म्हणून मागावर बसणाऱ्या तुमच्या पिढीने कानात बोळे घालणं यालाच अर्थ आहे. नुसता कापूस नव्हे, फोमचे मिळतात ते.

माग_खटखट

फोमचे आणून दिलेत कामगारांना. घालत नाहीत. म्हणतात धोटा अडकला तर आवाजावरून कळतं, बोळे घातले तर कळणार कसं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

निसर्गोपासक

एवढं घाबरायचं कारण नाही. दर सात वर्षांनी आपलं संपूर्ण शरीर नवं होतं, प्रत्येक पेशी बदलते. आहारविहार सांभाळला तर कान काय, हृदयही नवं होईल.

प्रा_निवृत्त

सात वर्षांचा आकडा कुठून आला देव जाणे, पण तो व्हॉट्सॲपवर अमर आहे.

मोजमाप झालेलं आहे. १९५० च्या दशकापासून १९६३ च्या चाचणीबंदी करारापर्यंत जमिनीवर अणुचाचण्या झाल्या, त्यामुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचाच एक किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि नंतर उतरत गेला. पेशी जन्मताना तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीचा कार्बन बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मसालाचा शिक्का. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये हृदयाच्या स्नायूचं असं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. जन्मभरात निम्म्याही बदलत नाहीत. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातले तंतू तर आईच्या पोटात असतानाचे. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशीही जन्मापासून सोबतीला. आतड्याचं अस्तर या सात वर्षांत पाचशे वेळा बदलून झालेलं असतं, आणि हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी स्नायू येत नाही, तंतूंचा व्रण येतो. व्रण आकुंचन पावत नाही. आहार सांभाळा, जरूर सांभाळा, पण आहे ते टिकावं म्हणून.

शेंगाचटणी

सर, चेता ऊतीचं कोणीच लिहीत नाही. माझ्या वडिलांना बरीच वर्षं शुगर आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालले, घरी आल्यावर आईने पाय धुताना बघितलं तर तळव्यात खडा रुतलेला, रक्त येऊन वाळलेलं. त्यांना कळलंच नव्हतं. "सिद्धरामेश्वराची कृपा, दुखलं नाही" म्हणाले.

फिजिओ_होटगीरोड

ताई, पाय आधी डॉक्टरांना दाखवा, मग पुढचं वाचा.

चेतापेशीला एक पेशीकाय, आखूड फांद्या आणि एक लांब अक्षतंतू असतो. कमरेजवळच्या पेशीचा तंतू पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो, मोठ्या माणसात जवळपास मीटरभर. एकाच पेशीचा एवढा लांब धागा जगवायचा म्हणजे त्याला सगळीकडे रक्त पोचायला हवं, आणि वाढलेली साखर नेमकं तेच बिघडवते: तंतूही पोळतो आणि त्याला रक्त देणाऱ्या बारीक केशवाहिन्याही. सगळ्यात लांब तंतू आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. दुखलं नाही ही चांगली बातमी नसते.

तपासणी सोपी आहे. एक जाडसर नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात, डोळे मिटून 'कळलं का' विचारतात. पाच मिनिटांत होते. आणि रोज रात्री आरसा खाली धरून तळवे बघायला सांगा. पुढच्या वर्षी अनवाणी चालायचं नाही, हे मात्र तुमच्या आईंनाच सांगावं लागेल.

चेतातंतू हातापायात कापला गेला तर जोडल्यावर वाढू शकतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपराशी कापलेला तंतू बोटांच्या टोकापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मेंदूत आणि मज्जारज्जूत तेवढंही होत नाही. अर्धांगवायूनंतर जी सुधारणा दिसते ती मेलेल्या पेशी परत आल्याने नाही, उरलेल्या पेशी ते काम अंगावर घेतात म्हणून. त्यासाठी पहिले काही महिने व्यायाम सोडायचा नाही, कितीही कंटाळा आला तरी.

पार्कचौक

अवांतर, पण विचारतो. माझा एक मित्र (मित्रच, मी नाही) रोज तीन-चार पुड्या मावा (सुपारी-तंबाखूचा) खातो. तोंड आता नीट उघडत नाही. म्हणतो तोंड आलंय, जाईल. अस्तर आठवड्यात नवं होतं म्हणता, मग जात का नाही?

जुळे_सोलापूरकर

मित्राला नमस्कार सांग बे.

स्लाइडवाला

हसू नका, या तुकड्यांच्या काचा मी नेहमी बनवतो.

तोंड येतं तेव्हा वरचं अस्तर गेलेलं असतं, ते भरून येतं. तुमच्या मित्राचं दुखणं अस्तराच्या खालचं आहे. सुपारीतल्या रसायनांमुळे खालच्या संयोजी ऊतीत कोलॅजनचे तंतू साठत जातात आणि नेहमीसारखे विरघळत नाहीत. काचेवर गालाच्या अस्तराखाली एरवी मोकळी, रक्तवाहिन्या असलेली, फिकी जागा दिसते. या रोगात तिथे घट्ट गुलाबी पट्टा दिसतो, रक्तवाहिन्या आवळलेल्या, आणि वरचं अस्तर पातळ झालेलं. गाल ताणला जात नाही, म्हणून तोंड उघडत नाही. तिखट लागलं तरी आग होते. तीन बोटं उभी तोंडात जातात का बघायला सांगा. जात नसतील तर या आठवड्यात दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. सिव्हिललाही दाखवता येईल. मावा सोडला तर रोग पुढे सरकणं थांबू शकतं, झालेला पट्टा मात्र सहसा मागे जात नाही. अशा तोंडात कॅन्सरचा धोका वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर पुढेही अधूनमधून बोलावतात, तेव्हा जायचं.

अस्तर पटापट नवं होतं याची किंमतही असते. मोठ्या माणसांत जे कॅन्सर होतात त्यातले बहुतांश अस्तराचे आणि ग्रंथींचे: तोंड, फुफ्फुस, स्तन, आतडं, गर्भाशयाचं मुख. जी पेशी सारखी विभाजित होते तिच्यात नक्कल चुकण्याची संधीही जास्त, आणि तंबाखू, धूर, विषाणू यांचा मारा पहिला तिच्यावरच. हृदयाच्या स्नायूचा कॅन्सर कोणाला झाल्याचं ऐकलंत? अतिशय दुर्मीळ. तो स्वतःला दुरुस्तही करत नाही आणि बिघडतही नाही. दोन्ही सुखं एकाच ऊतीच्या वाट्याला आलेली मी अजून काचेवर पाहिली नाहीत. यकृताचं नाव घ्याल, तर ते कापल्यावर वाढतं खरं, पण त्यालाही कॅन्सर होतोच.

पार्कचौक

दोन बोटं जातात. उद्या जातो. म्हणजे मित्र जातो.

नववी_ब_ची_बाई

जाऊन आलात की इथे लिहा. मित्राने लिहिलं तरी चालेल.

शेंगाचटणी

भाजल्याचं कोणी सांगेल का? माझ्या हातावर मागे कढईतलं तेल उडालं होतं, ते डागसुद्धा न राहता गेलं. मामीचा हात स्टोव्हच्या भडक्यात भाजला, तिला मांडीची कातडी लावावी लागली. दोन्ही कातडीच.

प्रा_निवृत्त

खोलीचा फरक. कातडीत वर अस्तर, खाली जाड संयोजी ऊती. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी वरच्या अस्तरातूनच खाली रुतलेल्या असतात. भाजणं उथळ असेल तर वरचं जळालं तरी त्या मुळांच्या भिंतीतल्या पेशी खाली शाबूत राहतात. तिथून अस्तर वर येतं आणि सगळीकडून पसरत जखम झाकतं. भाजणं खोल गेलं की मुळंच जळतात, मग अस्तर फक्त जखमेच्या कडांवरून सरकत येऊ शकतं. एवढ्या मोठ्या जागेला ते पुरत नाही. म्हणून दुसरीकडची कातडी.

खूप भाजलेल्या माणसाकडे स्वतःची शाबूत कातडीच उरत नाही. त्याला तात्पुरती दुसऱ्याची लावतात, मृत्यूनंतर दान केलेली. सहा तासांच्या आत काढावी लागते, वरचा पातळ थरच घेतात, चेहरा-छातीला हात लावत नाहीत, ग्लिसरॉलमध्ये साठवतात. डोळ्याच्या पारदर्शक पटलाचंही दान असंच, सहा तासांच्या आत. त्या पटलात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीर ते परकं म्हणून फारसं झिडकारत नाही. धाग्यात सगळीकडे रक्त नसणं हे दुखणं म्हणून आलं, इथे ते उपयोगी पडतं.

माग_खटखट

स्लाइडवाले, एक व्यवहारातलं विचारतो. आमच्या चुलत्यांच्या पायाच्या हाडाचा तुकडा तपासायला दिलाय. चार दिवसांत रिपोर्ट म्हणाले होते, आता म्हणतात अजून आठवडा. काही लपवतायत का?

स्लाइडवाला

लपवत नसतील. मऊ तुकडा दोन-तीन दिवसांत काचेवर येतो. हाड तसंच मेणात घालून कापायला गेलं तर पातं तुटतं. त्यातलं कॅल्शियम आधी आम्लात काढावं लागतं आणि घाई केली तर पेशी खराब होऊन रंग नीट चढत नाही. तुकडा केवढा आणि किती टणक यावर काही दिवस जातात. मी रोज सुई टोचून बघतो, सहज शिरली की पुढे.

बाकी कोणाच्या घरी तुकडा तपासायला न्यायची वेळ आली तर एवढं बघा: बाटलीत फॉर्मॅलिन आहे ना. आसपासच्या तालुक्यांतून कधी सलाइनमध्ये, कधी नुसत्या गॉजमध्ये गुंडाळून तुकडे येतात. उन्हाळ्यात एसटीतून येईपर्यंत पेशी विरघळायला लागतात, मग काच कितीही चांगली बनवा, डॉक्टरांना त्यातून काही वाचता येत नाही आणि पेशंटला पुन्हा टोचून घ्यावं लागतं. तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन हवं, बाटलीचं तोंड रुंद हवं आणि नाव झाकणावर नको, बाटलीवर हवं. झाकणं बदलतात.

जुळे_सोलापूरकर

फॉर्मॅलिन मेडिकलमध्ये मिळतं का ओ?

स्लाइडवाला

विकत घेऊन घरी ठेवू नका, वाफ डोळ्याला आणि घशाला लागते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुठल्याही लॅबमध्ये जाऊन मागा, भरलेली बाटली देतात. आमच्याकडे तर खिडकीशीच ठेवलेल्या असतात.